मोटारीचा श्वास

गेल्या नाताळच्या सुटींत मी कोल्हापुरास मामांकडे गेलों होतों. मामांजवळ १९८४ सालची अँबॅसडर मोटार आहे. मूळची ही इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमध्यें उत्तरपाडा येथें तिचा कारखाना होता आणि २०१४ सालीं तेथील उत्पादन बंद झालें. हल्लीं ही गाडी रस्त्यावर क्वचितच दृष्टीस पडते. मामांनीं मात्र ती चाळीस वर्षें जिवापाड सांभाळली आहे. परंतु या खेपेस तिचें लक्षण कांहीं ठीक दिसेना. इंजिन सुरू होई, पण गाडी उभी असतां तें हिंवताप आलेल्या माणसासारखें थरथरे, आणि सिग्नलपाशीं थांबतांच बंद पडे. वेग घेतला म्हणजे पुन्हां सारें सुरळीत. मामांनीं यावर स्वतःच एक तोड काढली होती : चोकची कळ अर्धी ओढून ठेवावयाची. तसें केलें कीं इंजिन शांत होई. पेट्रोल मात्र पाण्यासारखें जाई.

शहरांतील एका गॅरेजवाल्यानें "बोअर गेला आहे, इंजिन उतरावें लागेल," असें निदान केलें होतें. खर्चाचा आंकडा ऐकून मामांनीं गाडी भंगारांत देण्याचें जवळजवळ ठरविलें होतें. मामी मला बाजूस घेऊन म्हणाल्या, "अरे, तूं शास्त्र शिकवतोस ना? एकदां बघ तरी. ती गाडी गेली तर हे घराबाहेर पडायचे नाहींत." मी कांहीं मिस्त्री नव्हे, परंतु चोक ओढल्यानें इंजिन सुधारतें, ही गोष्ट त्या निदानाशीं जुळत नव्हती. कां जुळत नव्हती, हें कळण्यासाठीं इंजिन श्वास कसा घेतें तें आधीं पाहिलें पाहिजे.

सिलिंडरमध्यें दट्ट्या खालीं जाऊं लागला कीं त्याच्या वरची जागा वाढते व तेथील दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब अधिक असल्यामुळें ती आंत शिरते. इंजिन हवा ओढतें असें आपण म्हणतों, पण वस्तुतः बाहेरचें वातावरणच ती आंत ढकलतें. हा दाब समुद्रसपाटीवर पाऱ्याचा सुमारें ७६० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३० इंच उंचीचा स्तंभ तोलून धरतो, हें इटलींतील टोरिचेल्लीच्या १६४३ सालच्या विचारामुळें आपणांस ठाऊक झालें आहे. दहावीच्या मुलांनीं तें वर्गांत ऐकलेंच आहे.

हवेच्या वाटेंत एक चपटी झडप असते. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला कीं ती उघडते, पाय काढला कीं जवळजवळ मिटते. आतां एक प्रश्न : झडपेच्या पलीकडच्या नळींत, म्हणजे मॅनिफोल्डमध्यें, सर्वांत अधिक निर्वात केव्हां असेल? गाडी भरधाव जात असतां, असें उत्तर मला बहुतेक मुलांकडून मिळालें. तें चूक आहे. उसाचा रस नळीनें पितांना नळी चिमटींत दाबून पाहा. गाल आंत ओढले जातात. तसेंच येथें होतें. इंजिन स्वस्थ चालत असतां झडप मिटलेली असते व चारी दट्टे व्यर्थ ओढत असतात, म्हणून निर्वात तेव्हांच अधिक. झडप पूर्ण उघडली कीं तें जवळजवळ नाहींसें होतें. ही एक गोष्ट नीट लक्षांत ठेवली तर पुढचें सारें निदान आपोआप उलगडतें.

कार्ब्युरेटर याच दाबाच्या फरकावर चालतो. हवेची वाट एके ठिकाणीं चिंचोळी केलेली असते; तेथें हवेची गति वाढते, दाब उतरतो, आणि बारीक जेटमधून पेट्रोल वर येऊन हवेंत विखुरतें. वजनानें १ भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा, हें प्रमाण. हवा हलकी असल्यामुळें आकारमानाचा हिशेब मात्र थक्क करणारा आहे : १ लिटर पेट्रोल पूर्णपणें जळावयास सुमारें ९,००० लिटर हवा लागते! स्वस्थ चालीच्या वेळीं चिंचोळ्या भागांतून फारच थोडी हवा जाते, तेव्हां मुख्य जेट निरुपयोगी ठरतो. म्हणून झडपेच्या कडेखालीं उघडणारी एक निराळी, केसासारखी बारीक वाट ठेवलेली असते.

आतां अशी कल्पना करा कीं झडपेच्या पलीकडे कोठें तरी एक फट पडली आहे. तेथून शिरणारी हवा कार्ब्युरेटरमधून न आल्यामुळें आपल्याबरोबर पेट्रोल आणीत नाहीं. मिश्रण विरळ होतें, ठिणगी पडूनही कधीं पेटतें, कधीं पेटत नाहीं, आणि इंजिन हिसके देऊं लागतें. यालाच आपले मिस्त्री 'मिसिंग' म्हणतात. वेग वाढला कीं निर्वात कमी होतें, मुख्य वाटेनें पुष्कळ हवा येऊं लागते, आणि त्या मानानें फटींतली हवा नगण्य ठरते. चोक ओढला तर मिश्रण दाट होऊन चोरट्या हवेची भरपाई होते. मामांच्या गाडीचीं सारीं लक्षणें हींच नव्हतीं काय? बोअर झिजला असता तर सायलेन्सरमधून निळसर धूर आला असता, ऑइल वारंवार घालावें लागलें असतें, आणि चोकनें त्यांत कांहींच सुधारणा झाली नसती. अर्धा चोक ओढून महिनोंमहिने गाडी चालविली तर मात्र अधिकचें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचें ऑइल धुऊन काढतें, आणि नसलेला रोग खरोखरच जडतो. हें मीं मामांना सांगितलें तेव्हां त्यांनीं चोकच्या कळीकडे अपराध्यासारखें पाहिलें.

तरीही निर्वातावर एकदम संशय घेणें बरोबर नव्हे. आधीं ठिणगी तपासावी, कारण तें काम सोपें व बिनखर्चाचें आहे. आम्हीं प्लग काढून साफ केले, त्यांतील अंतर २५ सहस्रांश इंच व डेल्कोंतील पॉइंटांचें १५ सहस्रांश इंच ठेवलें. थरथर कायम राहिली. मग जाड रबरी हातमोजे घालून, इंजिन चालूं असतां, प्लगच्या तारा एकामागून एक काढून पाहिल्या. तिसऱ्या किंवा चौथ्या सिलिंडरची तार काढतांच इंजिन मरूं लागे. पहिल्या व दुसऱ्याची काढली तर फारसा फरक पडत नसे. म्हणजे शेजारशेजारचे दोन सिलिंडर जवळजवळ स्वस्थ बसून होते. या इंजिनाच्या रचनेंत पहिल्या दोहोंस मिळून हवेची एक वाट व पुढच्या दोहोंस मिळून दुसरी, अशा दोनच वाटा असतात. तेव्हां चोर पहिल्या वाटेच्या तोंडाशीं असावा, असा तर्क झाला. (ही परीक्षा जुन्या गाडीपुरतीच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडींत तार काढल्यास महागडे भाग बिघडतात. आणि मुलांनीं ती कोणत्याच गाडीवर करूं नये. त्या विजेचा धक्का जबर असतो व फिरता पंखा हातापासून वीतभरावर असतो.)

फट शोधण्यासाठीं कांहीं लोक सांध्यांवर पेट्रोल शिंपडतात. हा प्रकार केवळ अविचाराचा आहे. या इंजिनांत सायलेन्सरकडे जाणारी तापलेली नळी हवेच्या नळीस लागूनच असते. भडका उडावयास क्षणही लागणार नाहीं. त्याऐवजीं साबणाचें पाणी पुरेसें आहे. इंजिन तापण्यापूर्वींच मामेभावानें एका कुंचल्यानें तें सांध्यांवर लावीत नेलें. त्याची सारखी तक्रार कीं, "दादा, बुडबुडे येतच नाहींत." येणार कसे? सायकलच्या ट्यूबमधून हवा बाहेर पडते, म्हणून बुडबुडे. येथें हवा आंत जाते. बुडबुड्यांकडे नव्हे, आवाजाकडे लक्ष द्यावयाचें. मॅनिफोल्डच्या पहिल्या सांध्याशीं कुंचला गेला मात्र, पाणी सुर्रकन आंत ओढलें गेलें आणि इंजिनाचा सूर पालटला! हें सारें आम्हीं अंगणांत केलें, हेंही सांगून ठेवतों. बंद खोलींत इंजिन चालूं ठेवल्यास धुरांतील कार्बन मोनॉक्साइड रंग-वासावांचून माणसाचा प्राण घेतो.

पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रींनीं आपलें निर्वातमापक यंत्र कौतुकानें आणून जोडलें. एक तबकडी व एक कांटा, एवढेंच तें. परंतु वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकें बोलकें. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन १७ ते २१ इंच दाखवितें, व कांटा स्थिर राहतो. एखादी व्हॉल्व्ह जळाली असेल तर कांटा ठराविक अंतरानें झटकन खालीं पडतो. मिश्रणाचें प्रमाण चुकलें असेल तर तो संथपणें मागेंपुढें झुलतो. इंजिन रेस करून धरल्यावर कांटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर तुंबला आहे असें समजावें. आमचा कांटा १२ इंचांवर थरथरत होता. एकदम रेस करून सोडलें तेव्हां तो शून्यापाशीं पडून लगेच खूप वर उसळला. मिस्त्री हंसून म्हणाले, "सर, रिंगा चांगल्या आहेत. बोअर कोण म्हणालें?"

अशींच लक्षणें दाखविणारे दुसरेही रोग आहेत. स्वस्थ चालीच्या बारीक जेटमध्यें कचऱ्याचा कण अडकला तरी इंजिन असेंच थरथरतें; म्हणून तो जेट काढून फुंकून पाहावा. तार घालूं नये, भोंक मोठें होतें. डेल्कोकडे जाणाऱ्या निर्वातनळीच्या टोकाशीं एक पातळ पडदा असतो. तो फाटला कीं पिकअप जाते व पेट्रोल अधिक लागतें. नळी तोंडानें ओढून जीभ लावावी. जीभ धरून राहिली तर पडदा शाबूत. २०२५ सालापासून आपल्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. त्यांत मूळचाच ऑक्सिजन असल्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरचें मिश्रण थोडें विरळ होतें, आणि जुने रबर त्यानें लवकर कुजतें. जुनी गाडी बाळगणाऱ्या पालकांनीं पेट्रोलच्या रबरी नळ्या तेवढ्या अवश्य बदलून घ्याव्या. त्या गळूं लागल्या तर प्रश्न नुसत्या थरथरीचा राहत नाहीं.

मॅनिफोल्ड उतरविला तेव्हां पॅकिंग पहिल्या वाटेपाशीं चिरलेलें व काळें पडलेलें निघालें. पूर्वीं कोणी तरी तो खोलून जुनेंच पॅकिंग पुन्हां बसविलें होतें. नवें आणून, नट सर्व बाजूंनीं थोडे थोडे सारखे आवळून बसविलें. खर्च इंजिन उतरविण्याच्या शंभराव्या हिश्शाचाही आला नाहीं. कांटा १७ वर जाऊन खिळल्यासारखा उभा राहिला, आणि मामांनीं चोकची कळ स्वतःच्या हातानें आंत ढकलली.

दोन दिवसांनीं आम्ही सारे त्याच गाडींतून महाबळेश्वरास गेलों. मामांनीं मिस्त्रींकडून तें यंत्र मागून आणलें होतें. वर पोंचतांच त्यांनीं बॉनेट उघडून तें जोडलें, आणि त्यांचा चेहरा उतरला : कांटा साडेचौदांवर! "अरे, पुन्हां गळूं लागली वाटतें?" मामेभाऊ हंसूं लागला. दर हजार फुटांस वातावरणाचा दाब सुमारें एक इंच कमी होतो, आणि कोल्हापुराहून आम्ही अडीच हजार फुटांहून अधिक वर आलों होतों. मामांनीं कागदावर स्वतः वजाबाकी करून पाहिली, मग बॉनेट मिटलें.