झऱ्याचे तापमान : खुणेकडून निष्कर्षाकडे

१. प्रास्ताविक

शास्त्रीय विषयावरील गद्य वाचताना आपले लक्ष बहुधा पारिभाषिक शब्दांवर खिळून राहते. अशा गद्याचा कणा मात्र अनुमानाची रीत हा असतो. दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूपर्यंत लेखक कसा पोचतो आणि तेथे पोचल्यावर किती ठामपणे बोलतो, हे वाचकाने तपासावयाचे असते. प्रस्तुत घटकात आपण ही रीत एका उदाहरणाच्या आधारे समजून घेणार आहोत. उंच पर्वतांच्या पोटात वर्षानुवर्षे गोठून राहिलेली जमीन असते. ती वरून दिसत नाही. तिचा माग काढण्याचा एक साधा मार्ग म्हणजे त्या उतारावर उगम पावणाऱ्या झऱ्याचे तापमान मोजणे. हा मार्ग आल्प्स पर्वतात वापरला गेला. परंतु त्यामागचे तत्त्व सह्याद्रीतील झऱ्यालाही लागू पडते. म्हणून प्रारंभ मावळातून करू.

२. झरा काय सांगतो?

लोहगडाच्या पायथ्याशी लोहगडवाडी हे गाव आहे. येथील डोंगर बेसॉल्ट खडकाच्या थरांचा बनलेला आहे. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून आत मुरते, खालच्या घट्ट थरापाशी अडते आणि उतारावर वाट सापडली की झरा होऊन बाहेर येते. मधल्या काळात ते खडकाच्या सहवासात राहते व खडकाचेच तापमान धारण करते. जमिनीच्या पृष्ठभागावर दिवस-रात्र आणि उन्हाळा-हिवाळा यांचे चढउतार चालू असतात. सुमारे दहा-पंधरा मीटर खोलीवर मात्र ते जवळजवळ विरून जातात आणि तेथील तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर राहते.

ही सरासरी आपल्याला अंदाजता येते. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असून तेथील वार्षिक सरासरी तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअस आहे. लोहगडाचा माथा हजार मीटरहून थोडा उंच आहे. उंचीबरोबर हवेचे तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी घटते. यावरून गडाच्या कुशीत खोलवर मुरलेल्या पाण्याचे तापमान २२ ते २४ अंशांच्या दरम्यान असावे, अशी अपेक्षा करता येते.

म्हणूनच पौषातील पहाटे जिवंत झऱ्याचे पाणी हाताला कोमट लागते आणि वैशाखातील दुपारी तेच पाणी गार वाटते. पाणी फारसे बदललेले नसते. बदललेली असते ती भोवतालची हवा, आणि आपला हात पाण्याची तुलना त्या हवेशी करीत असतो. ‘गार’ आणि ‘कोमट’ ही अशी तुलनेची विशेषणे आहेत. त्यामुळे पुरावा म्हणून तापमापकाचा आकडाच घ्यावा लागतो. तोही पाणी खडकातून बाहेर पडते त्या तोंडाशीच घेतला पाहिजे. गडावरील उघड्या टाक्यांतील पाण्यावर ऊन पडते, वारा लागतो. ते पाणी खडकाविषयी विश्वासार्ह साक्ष देत नाही.

३. ऊन पाण्याची गावे

आकडा अपेक्षेहून वेगळा आला, तर त्या फरकाचे कारण शोधावे लागते. याचे उदाहरण मराठी ग्रामनामांतच आहे. संस्कृत ‘उष्ण’ या शब्दापासून प्राकृतात ‘उण्ह’ आणि मराठीत ‘ऊन’ हे रूप आले. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर ही सर्व गरम पाण्याच्या झऱ्यांची ठिकाणे आहेत. उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंशांचे आहे. कोकणातील हवेची सरासरी एवढी असणे शक्य नाही. जमिनीत खोल जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारणतः २५ ते ३० अंशांनी वाढते. तेव्हा हे पाणी फार खोलवरून आले, असे अनुमान निघते. झरा अपेक्षेहून ऊन असेल, तर खोलीचा विचार करावा. अपेक्षेहून फार थंड असेल, तर कशाचा विचार करावा?

४. गोठलेली जमीन

जी जमीन सलग किमान दोन वर्षे शून्य अंशावर किंवा त्याखाली राहते, तिला ‘पर्माफ्रॉस्ट’ म्हणतात. सायमन म्युलर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९४३ मध्ये हा शब्द रूढ केला. शब्दात ‘कायम’ हा अर्थ आहे, व्याख्येत मात्र केवळ दोन वर्षांची अट आहे. पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्याच्या घटकांवरून न घेता व्याख्येवरून घ्यावा, याचे हे उत्तम उदाहरण होय. सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. येथे अशी जमीन असणे संभवत नाही. आल्प्समध्ये ती साधारणतः २,५०० मीटरच्या वर आढळते.

अशा उतारावर बर्फाला लागून वाहणारे पाणी तापू शकत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. पाण्यातील उष्णता या कामी खर्च होते आणि पाणी शून्य अंशाच्या जवळच राहते. बाहेर दगड उन्हाने तापलेले असताना झरा मात्र एका अंशाचा असतो, तो यामुळे.

मोजणी उन्हाळ्याच्या अखेरीस करतात. त्याआधी पृष्ठभागावरील हिम वितळत असते आणि त्याचे थंड पाणी झऱ्यात मिसळून फसवी खूण निर्माण करते.

५. निष्कर्षाची क्रियापदे

या मोजणीचे स्थूल निकष तीन आहेत. त्यांतील क्रियापदे लक्षपूर्वक वाचावीत.

• पाणी सुमारे १ अंशाहून थंड : वरच्या उतारात गोठलेली जमीन असावी.
• १ ते २ अंश : गोठलेली जमीन असू शकेल.
• २ अंशांहून अधिक : गोठलेली जमीन बहुधा नसावी.

तिन्ही ठिकाणी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हटलेले नाही. याला कारणे आहेत. जुन्या हिमनदीचा मातीखाली गाडला गेलेला बर्फही पाणी थंड ठेवतो. उलटपक्षी, गोठलेल्या थराच्या खालून खोलवर वाहत आलेले पाणी दोन अंशांहून ऊन असू शकते. म्हणून संशोधक अन्य पुराव्यांची जोड देतात. स्विस शास्त्रज्ञ विल्फ्रीड हेबर्ली यांनी १९७० च्या दशकात हिवाळी हिमाच्या जाड थराच्या तळाशी तापमान मोजण्याची पद्धत विकसित केली. स्वित्झर्लंडमधील कोर्वाच येथे १९८७ मध्ये भोक खणून आतील तापमान प्रत्यक्ष मोजण्यास आरंभ झाला. ‘असावी’चे ‘आहे’ करण्याचा अधिकार अशा प्रत्यक्ष मोजणीने मिळतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. खडकाच्या भेगांतील बर्फ कड्याला बांधून ठेवतो. २००३ च्या कडक उन्हाळ्यात मॅटरहॉर्न शिखरावर कडा कोसळला, तेव्हा उघड्या पडलेल्या जागी बर्फ दिसला. वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. रोपवेचा खांब किंवा निवारा कोठे उभारावा, हे ठरविणाऱ्याने ‘नसावी’ हा शब्द ‘नाही’ असा वाचला, तर त्या चुकीची किंमत माणसांना मोजावी लागते.

६. सारांश

झऱ्याचे तापमान ही एक खूण आहे. अपेक्षित आकडा आधी ठरवला, मोजणीची जागा व वेळ योग्य निवडली आणि पर्यायी कारणे तपासली, तरच ती पुरावा ठरते. त्या पुराव्याचे बळ किती, हे मराठी वाक्यात शेवटी येणारे क्रियापद सांगते. शास्त्रीय गद्य वाचताना वाक्य अखेरपर्यंत वाचावे, ते यासाठी.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील झऱ्याचे किंवा विहिरीचे तापमान पहाटे व दुपारी मोजा. हवेच्या तापमानाशी त्याची तुलना करून पाच वाक्ये लिहा.
२. ‘आहे’, ‘असावे’, ‘असू शकेल’ ही रूपे एकाच विधानात वापरून अर्थातील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या जिल्ह्यातील पाण्याशी संबंधित तीन ग्रामनामे शोधा व त्यांची संभाव्य व्युत्पत्ती सांगा. निष्कर्षातील क्रियापद विचारपूर्वक निवडा.