उष्णताजन्य भेगा
उष्णताजन्य भेगा म्हणजे तापमानातील चढउतारामुळे इमारतीचे भाग प्रसरण-आकुंचन पावून पडणाऱ्या भेगा होत. वऱ्हाडातील अकोला व अमरावती येथील स्लॅबच्या घरांत त्या विशेष आढळतात. तेथे मे महिन्यात हवेचे तापमान अनेकदा ४५° सेल्सियसपर्यंत जाते. उघडी गच्ची त्याहून पुष्कळ अधिक तापते. काँक्रीटचा १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापल्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढतो. त्याखालची विटांची भिंत तितकी तापत नाही व वाढतही नाही. परिणामी स्लॅब जेथे टेकतो, त्या रेषेत भेग पडते.

निदानातील मुख्य अडचण म्हणजे या प्रदेशातील काळी जमीन. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. या भेगाही बऱ्याचदा उन्हाळ्यातच रुंदावत असल्याने त्यांचे खापर उन्हावर फुटते. उष्णतेची भेग बहुधा सर्वांत वरच्या मजल्यावर, छताखाली आडवी असते; पायाची भेग जोत्यापासून किंवा दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी जाते. शंका उरल्यास भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून त्यांतील अंतर पहाटे व दुपारी मोजावे. उष्णतेच्या भेगेत ते एका दिवसातही बदलते, पायाच्या भेगेत ऋतुमानानुसार.

नुसत्या सिमेंटने बुजवलेली उष्णतेची भेग पुढच्या उन्हाळ्यात सहसा पुन्हा उघडते. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा थर दिल्यास स्लॅब कमी तापतो. पायाच्या भेगेवर मात्र त्याचा काहीच उपयोग होत नाही.