जत्रेंतील विक्री : शेतकऱ्यास परवाना केव्हां लागतो ?

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा शिलालेख आहे. महाशिवरात्रीस तेथें जी जत्रा भरते, तीस उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तिन्ही शहरांतून माणूस लोटतो, आणि आमच्या बाजूचे शेतकरी उपासाचा दिवस पाहून रताळीं, कवठें, काकड्या व बेलाची पानें घेऊन रस्त्याच्या कडेस बसतात. हा एका दिवसाचा पैसा लहान नाहीं. परंतु अलीकडे ह्या शेतकऱ्यांच्या मनांत एक धास्ती शिरली आहे. ‘फूड लायसन्स’ नसेल तर माल उचलून नेतील, असें जो तो दुसऱ्यास सांगतो. कोणता कागद, कोणास, कशासाठीं, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

गेल्या सालीं एका जत्रेंत आम्हीं स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतों. रताळ्यांचीं दोन पोतीं घेऊन बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास वसुलीच्या माणसानें जागेचे पैसे घेऊन पावती दिली आणि लगेच अन्नाचा परवाना मागितला. बाबांजवळ तो कोठून असणार? त्यांनीं दोन प्रहरच्या आंतच उरलेलीं रताळीं शेजारच्या दुकानदारास निम्म्या भावानें घातलीं व ते घरीं निघून गेले. आणि त्याच रांगेंत उघड्या परातींत भगरीचे वडे तळून विकणारा, ज्याच्याकडे नोंदीचा कागद खरोखर असावयास पाहिजे होता, तो जागेची पावती दाखवून निर्धास्त बसला होता. आमचीं कित्येक वर्षें महसुली दप्तरांत गेलीं. कागदांचा असा उलटा उपयोग पाहून आम्हांस वाईट वाटलें, म्हणून हा लेख.

सन १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन त्याच्या जागीं सन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला व परवान्याचीं कलमें ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलांत आलीं. ह्या कायद्याच्या १८ व्या कलमाच्या ३ ऱ्या पोटकलमांत स्पष्ट शब्दांत म्हटलें आहे कीं, शेतकरी, मच्छीमार, शेतीचीं कामें, पिकें, जनावरें व शेतकऱ्यानें शेताच्या पातळीवर काढलेला पिकाचा माल ह्यांस हा कायदा लागू नाहीं. शिवाय व्याख्येच्या कलमांत नैसर्गिक स्थितींतील शेतमालास ‘अन्न’ म्हटलें आहे तें तो शेतकऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याच्या हातीं गेल्यावर. तेव्हां आपल्या शेतांतील रताळें, जसें निघालें तसें, आपण विकूं लागलों तर अन्नाच्या नोंदीचा प्रश्न येत नाहीं. तेंच रताळें उकडून द्रोणांत घालून विकलें, कीं आपण खाद्यविक्रेते झालों. कवठ विकणारा शेतकरी. कवठाची चटणी विकणारा विक्रेता. शेजाऱ्याच्या चार पाट्या विकत घेऊन आपल्या मालांत मिसळल्या तरीहि तेवढ्या मालापुरता आपण व्यापारीच. ही सीमा ज्यानें ध्यानांत ठेवली, त्यास वसुलीच्या माणसापुढें गप्प बसण्याचें कारण नाहीं. सातबारा उताऱ्याची एक प्रत व ओळखपत्र खिशांत असावें. बोलण्यापेक्षां कागद लवकर पटतो.

आतां ज्यास शिजवून, तळून अथवा रस काढून विकावयाचें आहे, त्याविषयीं. लहान विक्रेता, फेरीवाला, तात्पुरता ठेला मांडणारा, ह्या सर्वांस परवान्याऐवजीं साधी नोंदणी पुरते. सन २०११ च्या नियमांत ही सवलत वार्षिक १२ लक्ष रुपये उलाढालीपर्यंत ठेविली होती व वर्षास १०० रुपये फी होती. असे आंकडे सरकार वेळोवेळीं बदलीत असतें, म्हणून अर्जाच्या दिवशींचा आंकडा पाहूनच रक्कम भरावी. अर्ज संगणकावरून करावयाचा असतो, सोबत छायाचित्र व ओळखीचा पुरावा. अर्ज आल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्यानें नोंद द्यावी, नाकारावी अथवा तपासणी ठरवावी, असें त्या नियमांत घातलें आहे. आमचा अनुभव मात्र असा, कीं जत्रेच्या आदल्या आठवड्यांत जो अर्ज करतो तो जत्रा संपल्यावर कागद पाहतो. महिनाभर आधीं करावा. दूध सहकारी संस्थेचा जो सभासद आपलें सर्व दूध संस्थेसच घालतो, त्यास ह्या नोंदणींतून वगळलें आहे. तोच जत्रेंत लस्सीचा ठेला लावील तर सूट राहत नाहीं.

जागेची गोष्ट अगदीं निराळी. मुंबई सरकारनें बाजार व जत्रांसाठीं सन १८६२ मध्येंच कायदा केला होता, इतकी ही चौकशी जुनी आहे. आज शहरांत जागा नगरपरिषद किंवा महानगरपालिका देते, खेड्यांत ग्रामपंचायत. शहरांतील कायमच्या फेरीवाल्यांसाठीं सन २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. जागेच्या पावतीनें अन्न शुद्ध ठरत नाहीं आणि अन्नाच्या नोंदीनें बसावयाची जागा मिळत नाहीं. सन २०१६ मध्यें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरील नियमन निघालें व शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले, त्यामुळें थेट विक्री करणारे आतां पूर्वींहून पुष्कळ आहेत.

नोंदणी म्हणजे नुसता त्रास, असें म्हणणाऱ्यांनीं लोणार तालुक्यांतील सोमठाणा गांव आठवावा. २० फेब्रुवारी २०२४ रोजीं तेथें हरिनाम सप्ताहांत एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेंकडों माणसें आजारी पडलीं. खाटा पुरेनात म्हणून झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लाविल्या. भगर ओलसर हवेंत ठेविली कीं तीवर बुरशी धरते व तिच्यांत विष तयार होतें. पीठ करून ठेविलेली भगर तर आणखीच लवकर बिघडते. ही वरई डोंगरउतारावरच्या आमच्याच शेतकऱ्यांचें पीक. एका ठिकाणीं लोक आजारी पडले कीं गिऱ्हाईक सगळ्यांच्याच वरईकडे पाठ फिरवितें. म्हणून वरई उन्हांत कडक वाळवून, कोरड्या जागीं ठेवून, दळणें तें लागेल तेवढेंच व ताजें दळावें. धार्मिक समारंभांत अन्न वाटणारासहि नियमांनीं लहान अन्नव्यावसायिकांतच धरिलें आहे, हें सप्ताह व भंडारा करणाऱ्या मंडळींनीं विसरूं नये.

पाण्याविषयीं ह्या भागांत विशेष जपावें लागतें. वालधुनी मंदिराजवळून वाहते, पण तिचें पाणी हात धुण्यासहि घेऊं नये. सन २०१४ च्या नोव्हेंबरांत तिच्यांत रासायनिक सांडपाणी ओतल्यानें उल्हासनगरांत शेंकडों लोकांस बाधा झाली होती. बर्फ घेतांना रंग पाहावा. खाण्यास अयोग्य अशा बर्फास निळा रंग देण्याची सक्ती महाराष्ट्रांत सन २०१८ मध्यें झाली. आणि कार्बाइड घालून पिकविलेलें फळ विकण्यास मनाई आहे. इथिलीन वायूनें पिकविण्यास नियमांत मोकळीक असतां हा पुडीचा हव्यास कां, तें आम्हांस कळत नाहीं.

ज्येष्ठांत बदलापुरचीं जांभळें येतील. पाटींतून विकणाऱ्या बायांस वरील सूट पूर्ण लागू आहे. सरबत व गर करून बाटलींत भरणाऱ्या बचत गटांनीं मात्र आतांच नोंदणी करून घ्यावी. आमच्या मंडळास एक सूचना आहे. पुढील शिवरात्रीस जत्रेच्या तोंडाशीं एक टेबल मांडून तेथें १८ व्या कलमाचा मराठी तर्जुमा मोठ्या अक्षरांत लावावा व एक लिहितावाचता सभासद दिवसभर बसवावा. पहिली पाळी आम्ही घेऊं.