वेचणीची ओटी आणि आजीचे शिवणयंत्र

आश्विन सरतो न सरतो तोच पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबादच्या काळ्या रानांत पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात आणि आमच्या व्यापारी घरांतून वजनकाटे, वह्या व पोती यांची झाडाझडती सुरू होते. या गडबडीत आमच्या घरी गेली काही वर्षे आणखी एका वस्तूवरची धूळ झटकली जाते. ती म्हणजे आजीच्या काळातील, हाताने फिरवावयाचे सिंगर शिवणयंत्र. त्यावर आम्ही वेचणीचे एप्रन शिवतो. एप्रन म्हटले की वाचकांस स्वयंपाकघर आठवेल. पण आमचे एप्रन शेतात जातात. वेचणाऱ्या बाया पदराची किंवा फडक्याची ओटी करून तीत कापूस टाकीत जातात. त्या ओटीलाच आम्ही टाके घालून कायमचे रूप दिले, इतकेच.

हा उद्योग केवळ हौसेने आरंभिलेला नाही. एका वर्षी आम्ही पाठविलेल्या गाठींविषयी गिरणीकडून तक्रार आली. रुईत प्लास्टिकचे रंगीत धागे सापडले होते आणि भावात कपात सोसावी लागली. चौकशी करता उलगडा झाला. वेचणीच्या वेळी बायांच्या कमरेला खताच्या रिकाम्या पोत्यांचे तुकडे बांधलेले होते, आणि ती पोती आमच्याच वखारीतून गेलेली होती. दोष द्यावयाचा तर तो आम्हांलाच देणे प्राप्त होते.

असा एखादा धागा दिसावयास क्षुल्लक असतो. पण जिनिंगमध्ये सरकी वेगळी होत असता त्या धाग्याचे बारीक तुकडे होतात आणि रुईत सर्वत्र पसरतात. कापसाला रंग चढतो, प्लास्टिकला तो रंग चढत नाही; म्हणून गाठीतला दोष अखेर रंगविलेल्या कापडावर ठिपका होऊन उमटतो. १७० किलोच्या गाठीतून असे तुकडे हाताने निवडून काढणे किती कठीण, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत बाजार आवार व जिनिंग कारखाने सुधारण्यावर भर होता, तो याच हेतूने. परंतु कारखाना कितीही सुधारला तरी शेतात मिसळलेला धागा तेथे पुरता निघत नाही. स्वच्छतेचा आरंभ ओटीपासूनच व्हावयास हवा.

यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे हप्त्यांनी विक्री करून ते सामान्य घरांत पोहोचविले. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे या कंपनीचा प्रचंड कारखाना १८८५ पासून होता. तो १९८० मध्ये बंद पडला. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता. माणसाचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांस मान्य होते.

आमच्या यंत्रात गोल बॉबिन नाही. त्याऐवजी होडीच्या आकाराचा, विणकराच्या धोट्यासारखा लहानसा धोटा मागे-पुढे धावतो. वरचा धागा व खालचा धागा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकले म्हणजे टाका पक्का. टाका वर सैल दिसला तर खालचा ताण कमी, खाली सैल दिसला तर वरचा कमी, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम साधते. या यंत्रास उलटे शिवण्याची सोय नाही. शिवण संपताना कापड फिरवून चार टाके परत घ्यावे लागतात. जाड घडी आली की चाक सावकाश हाताने फिरवावे, म्हणजे सुई मोडत नाही. दररोज काम आटोपल्यावर धोट्याच्या वाटेतील कापसाची भुकटी झटकून दोन थेंब तेल सोडावे.

कापड कोरे मांजरपाट घ्यावे व आधी भिजवून त्याची खळ घालवावी. नाहीतर शिवल्यावर ते आटते. एका एप्रनला एक वार रुंद व दीड वार लांब तुकडा पुरतो. वरच्या कडेस दोन इंचांचा नेफा करून नाडी ओवावी. खालची कड एक इंच दुमडून शिवावी आणि मग तो भाग सुमारे बावीस इंच वर घेऊन दोन्ही बाजूंस दुहेरी शिवण घालावी. झाली ओटी. धागा मात्र सुतीच हवा. आम्ही पहिल्या खेपेस बाजारातील चकचकीत पॉलिएस्टरचे रीळ आणले होते. ज्या दोषाच्या निवारणासाठी खटाटोप, तोच दोष सुईतून ओवीत होतो, हे घरातील सूनबाईंच्या लक्षात आले आणि ते रीळ बाजूस पडले.

दुसरा धडा वेचणाऱ्या बायांनी दिला. पहिले एप्रन नेसून दुपारी परतल्यावर त्यांतील एक वडीलधारी बाई म्हणाली, "शेटजी, ओटी चांगली हाय, पन भार सारा कमरेवर येते." दिवसभर वाकून काम करणाऱ्यांची ती कंबर! आम्ही मापे काढली ती कापसाची, माणसाची काढलीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक एप्रनला दोन्ही खांद्यांवरून जाणारे रुंद पट्टे लावतो. त्यासाठी कापड थोडे अधिक लागते, पण एप्रन आपखुशीने नेसले जातात आणि खताची पोती शेतात दिसेनाशी झाली आहेत.

पुढे त्या शेतांच्या कापसाबद्दल प्लास्टिकची तक्रार आमच्याकडे आली नाही. याचे सारे श्रेय एप्रनलाच आहे असा आमचा दावा नाही. वखारीतील पोत्यांवरही आम्ही आता नजर ठेवतो. परंतु आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या माळ्यावर असे एखादे यंत्र पडून असेल. ते खाली उतरवावे, तेल घालावे आणि वेचणीपूर्वी आपल्याशी व्यवहार असलेल्या शेतकऱ्यांसाठी निदान दहा एप्रन शिवावेत, अशी आमची नम्र विनंती आहे. भूमी आपली ओटी दरवर्षी भरते. ती ओटी स्वच्छ ठेवणे आणि ती वाहणाऱ्या बाईचा भार हलका करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.