साल मुबारक!

संत्रं खाल्लं, साल डस्टबिनमध्ये. लिंबू पिळलं, साल डस्टबिनमध्ये. आणि रील्सवाले म्हणतात, खरं सोनं तर सालीतच! सालीत नक्की काय आहे, काय नाही, आणि ती रोजच्या खाण्यात कशी आणायची, याचा हा हिशेब.

कॉलेजच्या गेटबाहेरच्या ज्यूस सेंटरच्या मागे कधी डोकावलात? मोसंबीच्या सालपटांचा ढीग असतो तिथे. आपण ग्लासभर ज्यूस पितो आणि फळाचा बराचसा भाग मागे कचऱ्यात जातो. त्याच वेळी हातातल्या मोबाइलवर कुणीतरी सांगत असतं, ‘संत्र्याची साल फेकताय? थांबा! वजन, पिंपल्स, कोलेस्टेरॉल, सगळ्यावर एकच उपाय!’ खाली ‘ऑरेंज पील पावडर’च्या डबीची लिंक. महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे कसेबसे भरणारे आपण ती डबी कार्टमध्ये टाकतोही. जे काल फुकट फेकलं, तेच आज पैसे देऊन विकत!

सध्या हातगाड्यांवर नागपुरी संत्र्यांचे डोंगर दिसतायत, म्हणजे साल घरात आपोआप येणारच. मग तिची ओळख नीट करून घेऊया.

तुम्ही साल आधीच खाताय

‘ई, साल कोण खातं?’ असं म्हणण्याआधी आईने डब्यात दिलेलं लिंबाचं लोणचं आठवा. ते सालीसकटच असतं. किंबहुना त्यात चावायला जे मिळतं, ती सालच. मीठ, आंबटपणा आणि वेळ या तिघांनी मिळून तिला मऊ केलेलं असतं आणि कडवटपणाही आटोक्यात आणलेला असतो. अनेक घरांत तर सरबतासाठी पिळलेल्या लिंबांच्या फोडीही फेकत नाहीत. मीठ लावून बरणीत साठवतात आणि त्यांचंच लोणचं करतात. झीरो वेस्ट हा शब्द आपल्याला माहीत होण्याच्या खूप आधीपासून आज्जी ते जगत होती!

महाळुंग पाहिलंय? जाड सालीचं, रस जेमतेम असलेलं हे लिंबाच्या कुळातलं फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, ते हेच. या फळात खाण्यासारखं जे आहे ते मुख्यतः सालच. शेजारच्या कर्नाटकात संत्र्याच्या सालीचा आंबट-गोड-तिखट गोज्जू करतात आणि गरम भाताबरोबर खातात. मोरोक्कोत मिठात मुरवलेली लिंबं स्वयंपाकात वापरताना अनेकदा गर बाजूला काढतात आणि साल घेतात. चीनमध्ये वाळवलेली संत्र्याची साल वर्षानुवर्षं मुरवतात. जितकी जुनी तितकी महाग! जपानच्या शिचिमी नावाच्या तिखट मसाल्यातही सुकलेली साल असते. थोडक्यात, साल खाणं हा काही इन्फ्लुएन्सर्सनी लावलेला शोध नाही.

सालीच्या आत काय दडलंय?

लहानपणी संत्र्याची साल दुमडून भावंडाच्या डोळ्यात फवारा मारलाय ना? तो फवारा म्हणजे सालीतलं तेल. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. साल वाकवली की त्या फुटतात. संत्र्याच्या सालीच्या या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. फुगवलेल्या फुग्यावर हाच फवारा मारून पाहा, फुगा फट्कन फुटेल, कारण लिमोनीन रबराला विरघळवतं. संत्र्याचा तो ‘संत्र्यासारखा’ वास येतो तो मुख्यतः इथूनच. रसात आंबटगोड चव असते, वासाची मेजॉरिटी मात्र सालीकडे.

रंगीत थराच्या आत पांढरा, स्पंजसारखा भाग असतो. त्यात पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो तो या पेक्टिनमुळे. पेक्टिन हे विरघळणारं फायबर आहे आणि आपल्या आतड्यांतल्या चांगल्या जिवाणूंचं ते खाद्य आहे. याच पांढऱ्या भागात हेस्पेरिडिनसारखी फ्लॅवोनॉइड्सही असतात. कडवटपणासुद्धा बराचसा इथलाच. नागपुरी संत्र्यात हा थर अगदी पातळ असतो, म्हणून साल सुटते पटकन. मोसंबीत आणि पपनसात तो जाड असतो.

चमचाभर सालीचं गणित

आता रील्समधला लाडका आकडा. ‘सालीत गरापेक्षा दुपटीहून जास्त व्हिटॅमिन सी!’ हे खोटं नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम संत्र्याच्या सालीत साधारण १३६ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, आतल्या गरात साधारण ५३. फायबर सालीत १०.६ ग्रॅम, गरात २.४ ग्रॅम. वाचून वाटतं, अरे, मग गरच फेकूया की!

पण १०० ग्रॅम साल खाणार कोण? वरणावर किंवा केकमध्ये आपण घालतो तो चहाचा एक चमचा कीस. त्याचं वजन साधारण २ ग्रॅम. म्हणजे व्हिटॅमिन सी जेमतेम पावणेतीन मिलिग्रॅम आणि फायबर पाव ग्रॅमहूनही कमी. आपल्याकडच्या शिफारशीनुसार दिवसाची गरज आहे मुलांना ८० आणि मुलींना ६५ मिलिग्रॅम. चमचाभर सालीने हा कोटा भरायचा तर दिवसाला पंचवीस-तीस चमचे! त्यापेक्षा तिखट-मीठ लावलेला एक पेरू खा. तो एकटाच दिवसाचा कोटा आरामात पूर्ण करतो.

मग सालीवरचं संशोधन? ते आहे, पण नीट वाचायला हवं. २००० साली अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सालीचा खाण्यात वापर करणाऱ्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण कमी दिसलं. ‘साल खा, कॅन्सर टाळा’ या रील्सच्या मुळाशी बहुधा अशीच निरीक्षणं असतात. पण हा अभ्यास लोकांना त्यांच्या सवयी विचारून केलेला होता. साल खाणारी माणसं आणखीही काही वेगळं खात असतील, उन्हात कमी जात असतील. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या सेमिस्टरला हेच तर शिकवतात!

हेस्पेरिडिनवरचे बरेच प्रयोग उंदरांवर किंवा प्रयोगशाळेतल्या पेशींवर झालेत. माणसांवर झाले त्यांतल्या अनेकांत सालीतून काढलेला अर्क ठरावीक मात्रेत दिला होता. पोह्यांवर भुरभुरलेला कीस आणि तो अर्क, दोन्ही एक नव्हेत.

उत्साहाच्या भरात पुढे जाणं शास्त्रज्ञांनाही चुकलेलं नाही. १९३६ साली हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबातल्या अशाच फ्लॅवोनॉइड्सना ‘व्हिटॅमिन पी’ म्हणायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गींना नोबेल मिळालं, त्यात व्हिटॅमिन सीवरच्या कामाचा मोठा वाटा होता. ‘व्हिटॅमिन पी’ मात्र व्हिटॅमिन नाही हे नंतर स्पष्ट झालं आणि ते नाव मागे पडलं. नोबेलवाल्यांचे दावेही तपासले जातात, मग तीस सेकंदांच्या रीलचे का नकोत?

खाण्याआधी धुणं मस्ट

फळावर फवारलेली औषधं जास्त करून सालीवरच राहतात. एरवी आपण ती सोलून फेकतो, म्हणून चालून जातं. साल खायची असेल तर हा मुद्दा सगळ्यात आधी.

आरशासारखी चकचकीत इम्पोर्टेड संत्री सालीसाठी टाळा. त्यांवर मेणाचा थर असतो आणि फळ लवकर सडू नये म्हणून बुरशीनाशकही लावलेलं असू शकतं. आपलं साधं, थोडं डागाळलेलं नागपुरी संत्रं किंवा कागदी लिंबू यासाठी बरं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. साबण नको, साल तो शोषू शकते. २०१७ साली अमेरिकेत सफरचंदांवर झालेल्या एका प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का पाण्यात १२ ते १५ मिनिटं बुडवल्यावर पृष्ठभागावरची दोन कीटकनाशकं निघून गेली. घरच्या मापात लिटरभर पाण्याला दोन छोटे चमचे सोडा. पण सालीच्या आत मुरलेला अंश त्यानेही पूर्ण गेला नाही. तेव्हा धुतलं तरी साल चवीपुरतीच, पोटभर नाही.

पीजी-फ्रेंडली प्रयोग

आता मजेचा भाग. यासाठी लागते जायफळ किसायची बारीक किसणी, एवढंच. नियम तीन. लिंबू पिळायच्या आधी किसा, नंतर हातात काहीच येत नाही. फक्त रंगीत थर किसा, पांढरं दिसलं की थांबा. आणि कीस शेवटी घाला, कारण जास्त उकळलं की वास उडून जातो.

लिंबू साखर : एका लिंबाचा कीस चार चमचे साखरेत बोटांनी चोळा. साखर तेल ओढून घेते. अर्ध्या तासाने त्याच साखरेचं सरबत करा. तेच लिंबू, पण वास दुप्पट.

मेसचं वरण रेस्क्यू : बेचव वरणावर लिंबाची फोड आपण पिळतोच. त्याआधी चिमूटभर कीस घाला. दहीभात, पोहे, मॅगी, सगळ्यावर चालतो.

संत्रा चहा : धुतलेल्या सालीचे पातळ तुकडे करून कडक उन्हात वाळवा. वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. ओलसर राहिली तर बुरशी धरते, मग सरळ फेका. कोरा चहा करताना एक तुकडा आणि थोडं आलं टाका.

संत्र्याच्या सालीची चटणी : ही सुट्टीत घरी गेल्यावरची. दोन संत्र्यांची साल पाच मिनिटं उकळा, पाणी फेका, पुन्हा एकदा उकळून पाणी फेका. कडवटपणा बराच उतरतो. बारीक चिरा. तेलात मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, हळद. त्यात साल परता, चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, मीठ घालून आटवा. गरम भाकरीबरोबर खा. आणि हो, थोडा कडवटपणा राहणारच. कारलं आणि कॉफी चालते, मग हेही चालेल!

इथे मात्र ब्रेक लावा

पहिला ब्रेक चेहऱ्यासाठी. लिंबाची साल चेहऱ्यावर घासून ‘टॅन घालवा’ म्हणणाऱ्या रील्स स्क्रोल करून पुढे जा. लिंबाच्या सालीतली आणि रसातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं, तर भाजल्यासारखी जळजळ होते, फोड येतात आणि मागे तपकिरी डाग राहतात. हे डाग जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. लेक्चरसाठी उन्हातून स्टेशन गाठणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच. टॅन घालवायला जाऊन डाग विकत घ्यायचे का?

दुसरा ब्रेक गोळ्या चालू असलेल्यांसाठी. १९८९ साली कॅनडातले संशोधक ब्लडप्रेशरच्या एका गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा ज्यूस वापरला आणि रक्तात गोळीचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. कारण ज्यूस निघाला! काही औषधं शरीरात मोडणारं एन्झाइम ग्रेपफ्रूट अडवतं, त्यामुळे औषध रक्तात साचतं. पपनसातही अशी द्रव्यं असतात. नेहमीच्या संत्र्याबाबत ही काळजी फारशी नसते. तरी तुमच्या, किंवा घरी आई-बाबांच्या रोजच्या गोळ्या चालू असतील, तर या दोन फळांबद्दल आणि सालीच्या अर्काच्या कॅप्सूल्सबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

तिसरा ब्रेक पोटासाठी. अॅसिडिटी असेल किंवा तोंड आलं असेल तर साल काही दिवस बाजूला ठेवा. सालीचे मोठाले तुकडे कच्चे चघळायचं चॅलेंज वगैरे कुणी दिलं तर नम्रपणे नाही म्हणा. पोट दुखेल, लाइक्स दुसऱ्याला मिळतील.

तर मग, साल ठेवायची की फेकायची?

ठेवा. औषध म्हणून नाही, मसाला म्हणून. आपण जिऱ्यातून प्रोटीन मोजत नाही, वेलचीतून कॅल्शियम मोजत नाही. चवीसाठी घालतो आणि जे थोडंफार मिळेल ते बोनस समजतो. सालीचंही तसंच. तिच्या वासामुळे मेसच्या वरणाला चव आली, बाहेरून मागवलेला एक पिझ्झा कमी झाला, सरबत घरीच झालं, संत्र्यासारखं खरं फळ आठवड्यात चार वेळा हातात आलं, तर तब्येतीला होणारा फायदा हा असा आडवाटेने येतो. त्यासाठी कुठल्याही डबीची गरज नाही.

या आठवड्यात संत्री आणाल तेव्हा एका संत्र्याची साल धुऊन खिडकीत वाळत ठेवा. खर्च शून्य. आणि पुढच्या वेळी कुणी ‘सालीने सगळं बरं होतं’ म्हणालं, तर त्याला चहाचा एक चमचा दाखवा आणि गणित करायला सांगा.