शुगर 'निघाली' त्यानंतर

आमच्या पारशिवनीत मधुमेह झाला असे कोणी म्हणत नाही. 'शुगर निघाली' म्हणतात. लपवलेली चोरी निघावी तशी. आठ वर्षांपूर्वी माझीही निघाली. दोन वर्षे गोळ्या, पथ्य, चालणे नेमाने केले. मग एका दिवाळीनंतर आकडा चढला. "काय काय खाल्लं भाऊ?" असे चारचौघांत विचारले गेले आणि मी तपासणीच सोडली. सात महिने गोळ्या घेत होतो. आकडा पाहायची हिंमत नव्हती.

हा माझा आळस, असेच मी समजत होतो. वाचता वाचता कळले की अभ्यासकांना ही अवस्था ठाऊक आहे. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातील विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली तिच्यासाठी २० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. खाण्याची सततची चिंता, चुकल्याची टोचणी, पुढच्या गुंतागुंतीची भीती, एकटेपणा हे सारे त्यात आहे. याला मधुमेहाचा मनस्ताप म्हणता येईल. नैराश्याहून तो वेगळा; रोजच्या, सुटी नसलेल्या कामाचा हा थकवा.

त्याच १९९५ साली नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट सुरू केला. टाइप १ मधुमेह असलेल्या गरीब घरांतल्या मुलांना तेथे इन्सुलिन मिळते आणि आजाराचे शिक्षणही. औषधाइतकीच समजुतीचीही गरज असते, हे मला त्यातून उमगले.

समजून घेण्याची पहिली गोष्ट आकडाच. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एका अनारशाचा निवाडा करत नाही. जागरण, ताप, काळजी यांनीही साखर वाढते. वर्षांगणिक औषध वाढवावे लागले, तर तो बहुधा आजाराचा स्वभाव असतो, रुग्णाचा गुन्हा नव्हे.

आता मी वहीत आकड्याशेजारी दोन शब्द लिहितो: 'झोप नाही', 'पाहुणे होते'. ती वही डॉक्टरांना दाखवतो. 'साखर आणीनच' असा संकल्प सोडला. रात्री जेवणानंतर पत्नीसोबत पंधरा मिनिटे चालायचे, एवढेच ठरवले. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी निघतो. दोन आठवडे मन उदासच राहिले, तर मात्र डॉक्टरांना सांगावे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.

मागच्या भाऊबीजेला बहिणीने ताट पुढे केले आणि विचारले, "दादा, कसं वाटते आजकाल?" शुगर किती, हे तिने विचारलेच नाही. मग आकडा मीच सांगितला.