युरोच्या नोटेवरचे पूल

मित्रांनो, एक सोपा प्रश्न. नव्या दहाच्या नोटेच्या मागे कशाचं चित्र आहे? खिशात बघू नका, आठवून सांगा! (तसंही हल्ली चहापासून झेरॉक्सपर्यंत सगळं फोनवरून होतं. महिनाअखेरीला हॉस्टेलवर कुणाच्या खिशात नोट सापडली तर तीच बातमी.) उत्तर आहे कोणार्कचं चाक. नव्या वीसच्या मागे आपलं वेरूळ, पन्नासच्या मागे हंपीचा दगडी रथ, शंभरच्या मागे गुजरातमधली राणी की वाव. सगळ्या खऱ्या जागा. रेल्वेचं तिकीट काढा आणि बघून या.

आता युरोची नोट घ्या. पाचपासून पाचशेपर्यंत सात नोटा आणि प्रत्येकीच्या मागे एक पूल. आमच्या सिव्हिलवाल्यांना वाटेल, वा, आपल्या ब्रँचचा केवढा मान! पण गंमत अशी की त्यातला एकही पूल, निदान नोटा छापल्या तेव्हा, जगात कुठेही नव्हता. मुद्दाम कल्पनेतले पूल काढले होते.

असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. १ जानेवारी २००२ ला बारा देशांमध्ये युरोच्या नोटा आणि नाणी एकदम हातात आली. त्याआधी प्रत्येकाची आपापली नोट होती, आणि काय नोटा होत्या! जर्मनीच्या दहा मार्कांवर गाऊस होता आणि त्याच्या शेजारी चक्क नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचा कर्व्ह, फॉर्म्युल्यासकट. म्हणजे मॅथ्सच्या पेपरला नुसती नोट जवळ ठेवली तरी काम झालं असतं. इटलीच्या दहा हजार लिरांवर व्होल्टा, दोन हजारांवर मार्कोनी. फ्रान्सच्या पाचशे फ्रँकवर मेरी आणि पिअर क्युरी. ऑस्ट्रियाच्या हजार शिलिंगवर श्रोडिंजर. आपलं अर्धं सिलॅबस युरोपातल्या लोकांच्या पाकिटात होतं म्हणा ना.

युरोच्या नोटांवर यातलं कुणीच आलं नाही. कारण उघड आहे. नोट सगळ्यांची एकच, मग चेहरा कुणाचा? गाऊस घेतला तर इटलीवाले म्हणणार आमचा व्होल्टा काय वाईट होता? आणि ज्या छोट्या देशांच्या वाट्याला सातातली एकही नोट येणार नाही त्यांनी काय करायचं? म्हणून स्पर्धा ठेवली तेव्हाच ठरलं की कुठल्याही एका देशाकडे झुकणारं काही नको. १९९६ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या नॅशनल बँकेचे डिझायनर रॉबर्ट कालिना यांचं डिझाईन निवडलं गेलं. पुढच्या बाजूला खिडक्या आणि दारं, मागच्या बाजूला पूल. दारं म्हणजे मोकळेपणा, पूल म्हणजे जोडणं, असा फंडा.

तरीही लफडं झालंच. पहिल्या चित्रांमधले काही पूल लोकांनी ओळखले! एक तर सरळ व्हेनिसचा रिआल्टो दिसत होता. मग ते पूल बदलून बदलून असे केले की कुणालाच 'हा आमचा' म्हणता येऊ नये. मला हे फार मजेशीर वाटतं. आपल्याला ड्रॉइंग खऱ्यासारखं आलं नाही म्हणून रिपीट मिळतं, त्या बिचाऱ्यांना खऱ्यासारखं आलं म्हणून मिळालं.

पूल खोटे असले तरी स्टाईल मात्र खरी आहे, आणि नोटांच्या किमतीप्रमाणे काळ पुढे सरकतो. पाचच्या नोटेवर प्राचीन ग्रीक-रोमन काळ, दहावर रोमनेस्क, वीसवर गॉथिक, मग रेनेसाँ, बरोक, दोनशेवर एकोणिसाव्या शतकातलं लोखंड आणि काच, पाचशेवर विसावं शतक. सात नोटा ओळीने मांडा, स्ट्रक्चर्सचं एक लेक्चर होईल. दगड दाब सहन करतो, ताण नाही. म्हणून जुन्या पुलांना कमान लागते. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो आणि सगळा भार बाजूच्या खांबांकडे जातो. अर्धगोल कमान त्या खांबांना बाहेरही ढकलते, म्हणून ते जाडजूड हवेत. गॉथिकवाल्यांनी कमानीला टोक काढलं आणि ते ढकलणं कमी केलं. पुढे लोखंड आलं, मग स्टील, आणि ताण सहन करणारं मटेरियल मिळाल्यावर पाचशेवरच्या पुलाला दगडी कमानच लागत नाही. तो केबलवर तोललेला आहे. (ही पाचशेची नोट काळ्या धंद्याला फार सोयीची पडते म्हणून २०१९ मध्ये काढायची बंद केली. जुन्या मात्र अजून चालतात.)

नाण्यांचा तोडगा वेगळा आहे. एक बाजू सगळ्यांची सारखी, दुसरी ज्याची त्याची. म्हणून ऑस्ट्रियाच्या एक युरोवर मोत्झार्ट आहे आणि आयर्लंडच्या नाण्यांवर हार्प. नोटेवर जे जमलं नाही ते चिल्लरमध्ये भागवून घेतलं!

एवढ्याशा कागदावरून कोण भांडतं, असं वाटत असेल तर मॉरिशस बघा. तिथे आपली मराठी माणसंही दीडेकशे वर्षांहून जास्त काळ आहेत. तिथल्या नोटेवर इंग्रजी, तमिळ, हिंदी असा क्रम असायचा. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली. चित्र नाही, किंमत नाही, नुसता ओळींचा क्रम! पण तमिळ समाज इतका चिडला की नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. आपल्या नोटेच्या मागे भाषांची पट्टी असते, पंधरा भाषांची. त्यांचा क्रम लावलाय इंग्रजी नावांच्या एबीसीडीप्रमाणे. आसामी पहिली, उर्दू शेवटची, मराठी बरोबर मधे, आठवी. रोल नंबरसारखा क्रम लावला की कुणाला रुसता येत नाही. मला तर ही आयडिया सॉलिड वाटते.

बरं, त्या खोट्या पुलांचं पुढे काय झालं? नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ स्पाइकेनिस नावाचं गाव आहे. रॉबिन स्टॅम नावाच्या डच डिझायनरच्या डोक्यात आलं की हे पूल कुठेच नाहीत ना, मग आपणच बांधू! २०११ ते २०१३ मध्ये तिथे सातही पूल उभे राहिले, नोटेच्याच रंगांचे. छोटेसे, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. ज्या नोटांवर कुठल्याच देशाचं काही नको होतं, त्यांच्यावरचे सगळे पूल आता एकाच देशातल्या एका गावात आहेत.

आता तर पूलच जायची वेळ आली आहे. नव्या नोटांसाठी २०२५ च्या जानेवारीत दोन पर्याय जाहीर झाले. एक नद्या आणि पक्षी. दुसऱ्यात पुन्हा माणसं: पाचवर गायिका मारिया कॅलास, दहावर बीथोव्हन, वीसवर मेरी क्युरी, पुढे सर्व्हांतेस, लिओनार्दो आणि शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या बेर्था फॉन झुटनर. मला विचाराल तर मेरी क्युरी परत येतेय म्हणून माझं मत माणसांना. पण वाद संपेल असं नाही. कॅलास ग्रीक आईबापांची, जन्म न्यूयॉर्कचा. बीथोव्हन जन्मला जर्मनीत, नाव काढलं व्हिएन्नात. आणि मेरी क्युरी वॉर्साची, शिकली आणि काम केलं पॅरिसमध्ये. पोलंडमध्ये तर अजून युरो नाहीच, तिथे झ्लॉटी चालतो.